सागवानी होडी कोरडी ठेवली, तर गळायला का लागली?

प्रश्न : मी हरसूलचा, तालुका त्र्यंबकेश्वर. शाळेतून निवृत्त झाल्यावर जुनी हौस म्हणून १८ फुटांची, सागवानी फळ्यांची शिडाची होडी विकत घेतली. मुंबईच्या बाजूला ती ४० वर्षं खाऱ्या पाण्यात होती. घेताना मी स्वतः आत बसून पाहिलं, थेंबभरही गळत नव्हती. गेल्या दिवाळीनंतर ट्रकवर घालून गावी आणली आणि पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर नीट ठेवली. वैशाखात पाहतो तर फळ्याफळ्यांमध्ये नख जाईल अशा फटी. त्यांत दोन डब्यांची एपॉक्सी लांबी भरली, घासली, रंग दिला आणि गंगापूर धरणाकडे नेऊन पाण्यात सोडली. पहिल्या दिवशी जरा गळली, मग थांबली. पण आठवड्याभरात रंगाला उभ्या-आडव्या रेघा फुटल्या, एक फळी बाहेर आली आणि आतली एक फासळी तडकली. घाबरून परत आणली आणि पावसाळाभर अंगणात प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवली. दसऱ्याला कागद सोडला तर डेकचा एक कोपरा अंगठ्याने दाबला जातो. खाऱ्या पाण्यातून सुटका झाल्यावर होडीचं आयुष्य वाढायला हवं होतं ना? आणि सागवान कुजतं कसं? मला कुणी फसवलं का?

उत्तर : गुरुजी, आधी मनातली शेवटची शंका काढून टाका. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. विकणाऱ्याने चांगली होडी दिली आणि तुम्ही तिची काळजीही घेतलीत. फक्त ती घेतलीत कपाटाची घ्यावी तशी. कपाट जितकं कोरडं तितकं टिकतं. फळ्यांच्या होडीचं उलट आहे. तिला खालून पाणी हवं असतं आणि वरून नको असतं. तुमच्याकडे नेमकी उलटापालट झाली. आधी खालचं पाणी तुटलं, मग वरचं मिळालं. तुमचे तिन्ही प्रश्न या एका गोष्टीतून सुटतात, म्हणून क्रमाने पाहू.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. भाताच्या पेंढ्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. ओली झाली की पेंढी फुगते, पण काडी लांब होत नाही. लाकडाचंही तेच. पाणी प्यायलं की फळी रुंदीला आणि जाडीला वाढते, लांबीला जवळपास वाढतच नाही. वाळली की तशीच आकसते. सागवान या बाबतीत मोठं सोशिक. बाकीच्या बहुतेक लाकडांपेक्षा ते कमी हलतं, पण हलतच नाही असं नाही. सहा इंची फळी खाऱ्या पाण्यातून काढून नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्याखाली चार-पाच महिने ठेवली, तर ती दोन-तीन मिलिमीटर सहज आकसते. तुमचं नख गेलं ते इथेच.

हे तुमच्या गावाला नवीन नाही. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक वाळतं आणि त्यावरची लोखंडी धाव खुळखुळायला लागते, तेव्हा जुनी माणसं काय करत? चाक ओढ्यात नाहीतर हौदात टाकून ठेवत. लाकूड फुगे, धाव आवळली जाई. कुणी धावेच्या आत एपॉक्सी भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता होडी पाणी कशी अडवते ते बघा. पुष्कळांना वाटतं की फळ्यांच्या मधे काहीतरी डिंकासारखं चिकट भरलेलं असतं आणि त्याने पाणी थांबतं. तसं नाही. दोन फळ्यांच्या मधल्या खाचेत कापसाचा पीळ ठोकून बसवतात आणि त्यावर मऊ, कधी न सुकणारी लांबी भरतात. होडी पाण्यात उतरली की फळ्या फुगतात, एकमेकींना रेटतात आणि मधला कापूस चिरडून घट्ट होतो. पाणी अडतं ते या रेट्यामुळे. म्हणून बराच काळ बाहेर राहिलेली फळ्यांची होडी पाण्यात सोडली की पहिल्या एक-दोन दिवशी गळणारच. तिचे जाणते मालक त्या दिवशी घाबरत नाहीत, बादली घेऊन शेजारी बसतात.

तुम्ही फटी भरल्यात त्या फळ्या सर्वांत बारीक झालेल्या असताना, आणि भरलीत दगडासारखी कडक होणारी लांबी. होडी धरणात उतरली, फळ्या पाणी प्यायल्या, फुगायला निघाल्या. पण फुगायची जागा तर तुम्ही बुजवून टाकलेली. पूर्वी पाथरवट खडकाला भोकं पाडून त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकत आणि त्यांवर पाणी ओतत. पाचर फुगे आणि खडक उकले. जे लाकूड खडक फोडतं, त्याच्यासमोर तुमच्या होडीची बोटभर जाडीची फासळी काय टिकणार? आधी रंग फाटला, मग फळीने खिळे ओढून बाहेरची वाट धरली, शेवटी फासळी गेली. एपॉक्सी वाईट नाही. फायबरच्या होडीला, प्लायवुडच्या होडीला ती उत्तम. हलणाऱ्या फळ्यांच्या मधे मात्र तिला जागा नाही.

याचा एक दाखला मुंबईचाच आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे अधिकारी. त्यांनी १९६० च्या दशकात मुंबईत ३२ फुटांची एक शिडाची होडी बांधून घेतली. लाकूड सागवान, कारागीर इथलेच सुतार, हातात वाकस आणि सामता. १९६४ साली ती पाण्यात उतरली. नाव ‘सुहैली’. याच होडीतून १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, तिथेच परतले. अशी एकट्याने, विनाथांबा केलेली ही जगातली पहिली प्रदक्षिणा.

पण निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत अटलांटिकमध्ये ‘सुहैली’ गळायला लागली. कण्याजवळच्या फळीची फट उघडली होती. भर समुद्रात दुरुस्ती करायची कशी? ते पाण्यात उतरले, श्वास रोखून एकेक बुडी मारत फटीत कापूस ठोकू लागले. सुटा कापूस काही राहीना, तेव्हा तो कॅनव्हासच्या पट्टीवर शिवला, पट्टीला डांबर फासलं, तांब्याच्या चुकांनी ती फटीवर ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा लावला. मधे एक शार्क घिरट्या घालायला आला, त्याला बंदुकीने मारावं लागलं. गंगापूर धरणात तुम्हाला ही अडचण यायची नाही. मुद्दा एवढाच की एवढ्या संकटात सापडलेल्या माणसानेही फटीत कापूस आणि कापडच घातलं, म्हणजे मऊ, दबणारं, फळीला हलू देणारं.

गोष्टीचा दुसरा भाग तुमच्या शेडशी जास्त जुळतो. १९९७ मध्ये ही होडी मानाने ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली गेली. छप्पर पक्कं, हवा नियंत्रित, धूळ नाही, पाऊस नाही. त्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. होडी अशी मरू द्यायची नाही म्हणून मालकाने २००२ मध्ये ती तिथून बाहेर काढली आणि दुरुस्त करून पुन्हा पाण्यात नेली. सारे समुद्र झेललेली होडी संग्रहालयात पाच वर्षं सुखाने राहू शकली नाही, तर हरसूलच्या पत्र्याच्या शेडला कशाला दोष द्यायचा?

तेव्हा पहिलं काम : भरलेली सगळी एपॉक्सी काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येणार नाही. खाचेच्या कडा दुखावू देऊ नका, करवतीच्या पात्याला वाकवून केलेली आकडी यंत्रापेक्षा बरी. जुना रंग घासताना तोंडाला मास्क बांधा आणि खाली कापड अंथरून चुरा गोळा करा. समुद्रातल्या होड्यांना खालून जो रंग देतात त्यात शिंपले चिकटू नयेत म्हणून तांबं असतं, आणि फार जुन्या रंगात शिसंही असू शकतं. असा तांब्याचा रंग पुन्हा लावूही नका. गंगापूरचं पाणी नाशिककर पितात, आणि गोड्या पाण्यात समुद्रातले शिंपले येत नाहीत. धरणात होडी घालण्याची परवानगी तुम्ही काढली असेलच. नसेल तर तेही आधी करा.

दुसरं काम तडकलेल्या फासळीचं. तिला पट्टी ठोकून सांधू नका. तिच्या शेजारी त्याच जाडीची नवी फासळी बसवायची, जुनी तशीच राहू द्यायची. नवी वाकवायला वाफ लागते. इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ, हा होडीसुतारांचा ठोकताळा. वाफेतून काढल्यावर मिनिटभरात जागेवर बसवावी लागते, म्हणून चार हात हवेत. तुमच्याकडे बांबू शेकून वाकवणारे कारागीर असतील, त्यांना ही भाषा लगेच कळेल.

मग कापूस. फटी आत्ता जेवढ्या मोठ्या दिसतात तेवढा कापूस कोंबण्याचा मोह होईल. आवरा. आधी होडीला पाणी पाजा : आत ओले गोणपाट अंथरा, बाहेरून सकाळ-संध्याकाळ शिंपडा, आठवडाभर. होडी पाण्याने भरून मात्र ठेवू नका. खाली आधार नसलेल्या पोटाला ते वजन पेलत नाही. फटी बऱ्याचशा मिटल्यावर ज्या उरतात त्यांतच कापूस हलक्या हाताने बसवा, वर मऊ लांबी, आणि मग उथळ पाण्यात दोरीने बांधून दोन-तीन दिवस बसू द्या.

आता डेककडे वळू, कारण खरी चूक तिथली आहे आणि तीच बहुतेक नवे मालक करतात.

खारं पाणी लाकडाचा शत्रू आणि गोडं पाणी मित्र, असा समज सर्रास आहे. तो धातूच्या बाबतीत खरा आहे, लाकडाच्या बाबतीत चुकीचा. लाकूड कुजतं ते बुरशीमुळे. बुरशीला दोन गोष्टी लागतात, ओल आणि हवा. लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या वीस टक्क्यांहून कमी पाणी असेल तर ती वाढत नाही. लाकूड पूर्ण बुडालेलं असेल तर हवा मिळत नाही, तेव्हाही वाढत नाही. मधल्या ओलसर अवस्थेत तिचं फावतं. त्यातून मीठ असेल तर तिला ते सोसत नाही. कैरी नुसती ठेवली तर चार दिवसांत बुरसते, मिठात घातली तर वर्षभर राहते, हे घरोघरी माहीत आहे. तुमची होडी ४० वर्षं मिठात मुरलेली होती, लोणचंच म्हणा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लाकडी जहाजं बांधताना फासळ्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरत, ते याचसाठी. त्र्यंबकच्या डोंगरातल्या एका पावसाळ्याने तुमच्या डेकमधलं मीठ धुतलं आणि ओल ठेवली. त्यावर तुम्ही प्लास्टिक गुंडाळलंत. बुरशीला याहून चांगलं घर बांधून देता आलं नसतं.

“पण सागवान?” सागवानाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळे बुरशी आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, हे खरंच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली, ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. मात्र तिचीही १९९० ते २००१ अशी लांबलचक दुरुस्ती करावी लागली. आणि तो गुण गाभ्याचा आहे. सालीलगतच्या पांढऱ्या भागाला त्यातलं काहीच मिळालेलं नसतं, हे सागाच्या रानात राहणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. दुसरं असं की ‘सागवानी होडी’ म्हणतात तेव्हा फळ्या सागवानी असतात. डेक बहुधा प्लायवुडचा असतो आणि त्यावर कॅनव्हास किंवा रंग. दाबला जाणारा कोपरा प्लायवुडचा निघेल, पैज लावतो.

तो कोपरा किती दूर पसरलाय ते ऐकून ओळखता येतं. मडकं वाजवून घेतो तसं पेचकसाच्या मुठीने डेक ठोकत जा. चांगल्या जागी ‘टक्’ येतो, कुजक्या जागी ‘भद्’. खडूने हद्द आखा आणि चांगल्या लाकडात चार बोटं आत जाऊन कापा. त्याआधी पाणी शिरलं कुठून ते शोधा. घराच्या छपराला डाग एकीकडे पडतो आणि कौल फुटलेलं असतं दुसरीकडे. डेकवर दोऱ्या अडकवायच्या ज्या धातूच्या कड्या आणि खुंट्या असतात, त्यांच्या स्क्रूच्या भोकांतून दहापैकी आठ वेळा पाणी येतं. खालचा लवचीक लेप वाळून तडकलेला असतो. प्रत्येक खुंटी काढा, भोक तपासा, नवा लेप लावून बसवा. त्यासाठी न्हाणीघरात वापरतात ते सिलिकॉन घेऊ नका. ते लाकडाला नीट धरत नाही आणि त्यावर पुढे रंगही चिकटत नाही. होड्यांसाठीचं पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन मिळतं, ते घ्या.

आणि पावसाळ्यात काय पांघरायचं? किनाऱ्यावरचे कोळी होड्या ओढून वर घेत आणि त्यांवर माडाच्या झापांचं छप्पर करत. झाप पाऊस अडवतो, वारा अडवत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर होडीला रेनकोट नको, इरलं हवं. मधोमध आडवा वासा बांधा, त्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंना उतरती सोडा, नाळेकडचं आणि मागचं तोंड उघडं ठेवा, आतली सगळी झाकणं काढून ठेवा.

उन्हाळ्यात उलट करायचं. शेडच्या पश्चिमेकडून येणारा तापलेला वारा चटईने अडवा, जमिनीवर पाणी मारत राहा आणि होडीच्या पोटात ओले गोणपाट ठेवा. पाण्यात मूठ-मूठ खडेमीठ घातलंत तर ओलही टिकेल आणि बुरशीही येणार नाही. मात्र आधी खिळे बघा. खिळे तांब्याचे असतील तर मीठ खुशाल वापरा. लोखंडी असतील आणि त्यांच्याभोवती लाकूड काळं पडलं असेल, तर मीठ वर्ज्य. लोखंड गंजताना फुगतं आणि आतून फळी फाडतं. ‘सुहैली’चेही गंजलेले लोखंडी बोल्ट मालकाला पुढे बदलावे लागले. बदलायची वेळ आली तर दुकानदार तुमच्यापुढे पितळी स्क्रू ठेवेल. ते पाण्याखालच्या भागात घेऊ नका. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबीसर, बोटाने मोडणारा स्क्रू उरतो. जुन्या होडीत असे निघालेच तर पितळ आतून खाल्लं गेलंय असं समजा.

आणखी दोन-तीन गोष्टी थोडक्यात. समुद्रात लाकूड पोखरणारा जो किडा असतो (खरं तर तो किडा नाही, लांबट झालेला शिंपला आहे) तो गोड्या पाण्यात जगत नाही. तुमच्या होडीबरोबर हरसूलला तो आला असलाच, तर कधीच मेला असेल. त्याची भोकं मात्र शोधा. तोंडाशी ती टाचणीएवढी आणि आत बोटाएवढी असतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा ‘गंजत नाहीत’ म्हणून ४० वर्षं तशाच ठेवल्या असतील तर बदला. त्यांचं भरवशाचं आयुष्य दहा-पंधरा वर्षं, आणि त्या गंजतात त्या सांध्याच्या आत, जिथे दिसत नाही तिथे. शीड वाऱ्याने कमी आणि उन्हाने जास्त फाटतं. काम झालं की उतरवून, साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून ठेवा, आणि शेडमधल्या उंदरांपासून दूर टांगा.

रंग सगळ्यात शेवटी. तुम्ही तो आधी दिलात, मीही माझ्या पहिल्या होडीला आधीच दिला होता.

होडी विकू नका. तुम्ही सांगितलेल्या दुखण्यांत कण्याचं एकही नाही. एक फासळी, एक फळी आणि डेकचा कोपरा, एवढं एका हिवाळ्याचं काम आहे. फक्त तडकलेल्या फासळीचा तुकडा टाकून देऊ नका. गावातल्या जाणत्या सुताराला तो दाखवा आणि कोणत्या झाडाचा आहे ते विचारून मला कळवा, म्हणजे जोडीला कोणतं लाकूड घालायचं ते पुढच्या अंकात सांगता येईल.